क्रूमचा चाळिसावा दिवस

कामेन्दोल, ४ मार्च २००१

प्रिय पेन्का आत्या,

हे पत्र सालोनिकाच्या गाडीवरच्या मितो ड्रायव्हरच्या हातून पाठवतोय. सोबत भाजलेल्या मिरच्यांच्या दोन बरण्या आहेत. एकच पोचली तर दुसरी वाटेत फुटली असं तो सांगेल. विश्वास ठेवू नकोस, त्याच्या मिशा हुंगून बघ. फोनच केला असता, पण तू जिच्या घरी कामाला आहेस ती ग्रीक म्हातारी फोनला कुलूप घालते असं तूच म्हणाली होतीस.

आता बस आणि वाच. मी कॉलेज सोडलं. वर्षाच्या मध्यात, आणि खरं सांगायचं तर तासाच्याही मध्यात. सोफियाचे आमचे प्राध्यापकसाहेब फळ्यावर खाणीत हवा खेळवायचं गणित शिकवत होते. उदाहरणाला खाण कोणती घेतली? आपली. म्हणाले, कामेन्दोल ही आदर्श खाण. मी उभा राहिलो. म्हटलं, साहेब, त्या आदर्श खाणीच्या तोंडाला तीन वर्षं टाळं आहे, आत हवा कुणासाठी खेळवताय, वटवाघळांसाठी? ते म्हणाले, खाली बस. पण एकदा उभा राहिलो की मला बसता येत नाही, तुला माहीत आहे. तसाच वर्गाबाहेर गेलो आणि तसाच बसमध्ये चढलो.

तुझा भाऊ माझ्याशी बोलत नाही. तो चुलीशी बोलतो. परवा म्हणाला, "अगं चुली, कुणाला भूक असेल तर भांड्यात घेवडा आहे." मीही चुलीलाच सांगितलं की कुणाला भूक नाहीये. मग तो बकऱ्यांकडे गेल्यावर भांडं चाटूनपुसून साफ केलं.

पण पत्र त्यासाठी नाही. आत्या, मी संपलो. तिचं नाव बिलयाना.

खाणकामगारांचं जुनं भोजनगृह आठवतं ना, भिंतीवर तो हातोडेवाला रंगवलेला? तिथे आता 'पहाट' नावाची संस्था आहे. वाक्लिनोवाबाईंनी काढली. हो, त्याच हेडमास्तरीणबाई, तुझ्याही हातावर त्यांच्या पट्टीचे वळ असतील. वाट चुकण्याच्या बेतात असलेल्या पोरांना सांभाळायचं, असं त्यांचं काम. दुपारी गरम सूप, एक शेगडी, एक टेबल टेनिसचं टेबल आणि बिलयाना. ती स्मोल्यानहून येते आणि पोरांकडे बघते. मला वाटलं, माझ्याकडेही बघावं. म्हणून गेलो आणि म्हटलं, मला मदत करायची आहे.

ती म्हणाली, "मदत करणारे नकोत. वाट चुकणारे हवेत. ज्या डेन्मार्कच्या लोकांच्या मदतीवर हे चालतं त्यांचा नियम आहे, निदान सहा तरुण धोक्यात पाहिजेत. बाकीचे स्पेनला गेले. पाचच उरलेत. सेंट जॉर्जच्या सणाला, सहा मेला, त्यांच्या बाई बघायला येणार. सहावा नसेल तर इथे कुलूप आणि मी व्हॅलेन्सियाला, मावशीकडे."

मी म्हटलं, "मी आहे ना धोक्यात!"

"कशाच्या?"

आत्या, तेव्हा खरं उत्तर जिभेवर होतं, पण ते गिळलं. तिने कागद पुढे केला. त्यावर दारू, जुगार, चोरी, निराशा असं लिहिलेलं. एकावर खूण करायची. मी निराशा घेतली. तिला भांडवल लागत नाही.

मग तिने माझ्या मनगटावर मार्चचा लाल-पांढरा दोरा बांधला. दुसऱ्या कुणाला बांधला की नाही, ते मी बघितलं नाही. करकोचा दिसला की दोरा काढायचा असतो ना? मी आजपासून आभाळाकडे बघणं बंद केलंय.

तुझा (धोक्यातला)
क्रूम


सालोनिका, ८ मार्च

क्रूम्या गाढवा,

बरणी एकच पोचली. मिशांना मिरचीचा वास होता.

कॉलेज सोडलंस, मी काही बोलणार नाही. मी बोलले तर माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाईल आणि आमच्या म्हाताऱ्या स्माराग्दाबाईंना वाटेल घरात आग लागली. पण बापाला नावं ठेवायची नाहीत. तुझा आजा गेला तेव्हा यान्को वर्षभर कुणाशी बोलला नव्हता, फक्त गाढवाशी. बोलायचं खूप साचलं की आपल्या घरातल्या पुरुषांना चार पायांचं काहीतरी लागतं. चुलीलाही चारच पाय आहेत.

आणि ही बिलयाना. स्मोल्यानच्या पोरी देखण्या असतात आणि हिशेबी असतात. दोरा तिने सगळ्या पाचांना बांधला असेल, लिहून घे माझ्याकडून. संस्थेच्या पैशाचाच असेल दोरा.

इथे बेकरीत एक जागा आहे. मालक ओळखीचा. पीठ चढवायचं-उतरवायचं, बाकी काही नाही. मितोच्या गाडीत बसलास की संध्याकाळी इथे. पण तू येणार नाहीस, मला माहीत आहे. तुझा आजाही असाच एका पोरीसाठी डोंगरावर राहिला, आणि ती पोरगी तुझी आजी झाली आणि त्याला आयुष्यभर शिव्या देत बसली.

निराशेत असलास तरी जेवत जा.

आत्या


कामेन्दोल, १९ मार्च

आत्या,

निराश राहणं फार अवघड काम आहे. लोक कसे राहतात, देव जाणे.

दर शुक्रवारी बिलयाना समोर बसवून विचारते, "भविष्याबद्दल काय वाटतं?" आता ती तिथे बसलेली, केस कानामागे सारत, हातात पेन्सिल. अशा वेळी भविष्याबद्दल काय वाटेल माणसाला? मी जमिनीकडे बघून म्हणतो, "अंधार." ती लिहून घेते. गेल्या शुक्रवारी बाहेर पडताना मी शीळ घातली. वाक्लिनोवाबाईंनी मागून कान धरला.

"धोक्यातला मुलगा शीळ घालतो का?"

"चुकून वाजली, बाई."

"पुन्हा वाजली तर घरी पाठवीन, बरा झालास म्हणून!"

त्यात मी एक घोडचूक केली. शेगडीचं धुराडं तुंबलं होतं आणि सगळे कोट घालून सूप पीत होते. हवेचं गणित मला येतं (तेवढ्यापुरता कॉलेजात होतो). दोन तासांत धुराडं असं खेचायला लागलं की खोलीत उकडायला लागलं. बिलयानाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी कपाळावर हात मारला. "हे काय करून ठेवलंस? आता तुझ्या अंगात हुन्नर निघालं! डेन्मार्कच्या बाईंना काय दाखवू, अभियंता?" शेवटी असं ठरलं की त्या येतील त्या दिवशी मी धुराडं पुन्हा तुंबवायचं.

बाकीचे पाच जण माझ्यावर खार खाऊन आहेत. स्पास (खाणीत उतरायच्या पाळण्याची तांब्याची तार कापून विकली होती ना, तोच) म्हणतो, "आम्ही तीन वर्षं मेहनत करून धोक्यात आलो. हा एका दिवसात आला!"

हो, दोरा सगळ्यांना बांधलाय. स्पासलासुद्धा. पण माझ्या गाठी दोन आहेत.

आता नवीन ऐक. गावाने या पोरांना आपलं म्हणावं म्हणून बाई भित्तिपत्रकं लावणार आहेत. प्रत्येकाचा फोटो, नाव, वय आणि दोन बरे शब्द. फोटो बिलयानाने काढले. माझ्या वेळी म्हणाली, "हसू नकोस हं, अजिबात." आणि स्वतः हसत होती! न हसण्यासाठी मी श्वास रोखून धरला. फोटोत मी असा दिसतो की जणू मला आताच खाणीतून वर काढलंय.

तुझा भाऊ चुलीला म्हणाला, "त्या पहाटवाल्यांकडे म्हणे मोफत सूप मिळतं. माझ्या घरात काय विष शिजतं?"

क्रूम


सालोनिका, २८ मार्च

यान्को, माझ्या भावा,

मितो काल संध्याकाळी आला आणि टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. बरणी दिली नाही, काही नाही. म्हणाला, "पेन्का, बसस्टँडवर कागद बघितला. फोटो होता. काळी चौकट." मी म्हटलं, "कुणाचा?" त्याने टोपी छातीशी धरली. मग मला समजलं.

मी निघायचं म्हणतेय, पण माझ्या कागदपत्रांचं तुला माहीत आहे, एकदा बाहेर पडले तर पुन्हा आत घेणार नाहीत. सकाळी सेंट दिमित्रीच्या देवळात मेणबत्ती लावली. स्माराग्दाबाईंनी मला स्वतःचा काळा रुमाल दिला.

यान्को, तुला राग येईल, पण सांगते. पोरगा दर पत्रात तुझंच लिहायचा. 'तुझा भाऊ' म्हणायचा, 'बाबा' म्हणायचा नाही, पण लिहायचा तुझंच. चुलीला तू काय म्हणालास ते शब्दन्‌शब्द लिहायचा. त्या संस्थेतल्या बिलयाना नावाच्या मुलीवर त्याचा जीव होता, म्हणून तो तिथे जायचा, सुपासाठी नाही. तिला सांगायला त्याचा धीर झाला नसेल. तो तापट होता, पण जिथे तापायला हवं तिथे गार पडायचा. तुझ्यासारखाच.

संस्थेच्या कागदावर निराशेवर खूण केली, असं त्याने मला गमतीने लिहिलं होतं. मी त्याला लिहिलं, जेवत जा. हेच माझं शेवटचं लिहिणं. एवढंच सुचलं मला.

कसा गेला, ते लिही. नाहीतर लिहू नकोस.

तुझी बहीण
पेन्का


कामेन्दोल, २९ मार्च

आत्या,

मितोने काही सांगितलं असेल तर ऐकू नकोस! मी जिवंत आहे. हे पत्र मीच लिहितोय, अक्षर बघ.

झालं असं की गावात छापखाना एकच, त्सोन्कोचा. खाण बंद झाल्यापासून लग्नपत्रिका नाहीत, सभांची पत्रकं नाहीत. तो फक्त मृत्यूचे कागद छापतो. बाईंनी त्याला आधी नमुना म्हणून माझं एकट्याचं सामान दिलं आणि निघून आल्या. मंगळवारी सकाळी गाव उठलं तर दारावर, खांबांवर, पावाच्या दुकानावर, बसस्टँडवर माझा फोटो. काळी चौकट, वर क्रूस. "क्रूम यान्कोव्ह, वय एकवीस. मनाने निर्मळ, हाताने कुशल. त्याचा उजेड आमच्यासोबत राहील. – पहाट." आणि खाली त्सोन्कोने स्वतःच्या मनाने एक ओळ जोडलेली: "चाळिसावा दिवस, शनिवार ५ मे, दुपारी, जुन्या भोजनगृहात."

बाई त्याच्यावर धावून गेल्या. "त्सोन्को, काळी चौकट का रे मेल्या?"

तो म्हणाला, "बाई, तुम्ही फोटो आणलात, वय आणलंत, चांगले शब्द आणलेत. जिवंत माणसाबद्दल चांगले शब्द कुणी छापून घेतं का?"



मी घरातून बाहेर पडलो तर अंगणात शेजारणी मयताचे, साखर घातलेले उकडलेले गहू घेऊन उभ्या. मला बघून एकीने किंकाळी फोडली, दुसरीने माझ्या थोबाडीत मारली आणि मग मिठी मारून रडली. मी दारावरचा कागद फाडायला गेलो, तर म्हाताऱ्या मारियकाने छत्री माझ्या पाठीत घातली.

"मेलेल्याचा कागद फाडतोस?"

"अहो, तो मीच आहे!"

"मग तर मुळीच फाडायचा नाही!"

पावसाने गळेल, वाऱ्याने जाईल, माणसाने हात लावायचा नाही, हे तुला सांगायला नको. गावात कुणीच लावेना. पोलिसालाही विचारलं. तो म्हणाला, "जिवंत आहेस याचा दाखला देतो, पण कागद मी काढणार नाही, मला बायकामुलं आहेत."

आता खरा घोळ ऐक. डेन्मार्कच्या बाई येतील, चौकाचौकात हे बघतील. मेलेला मुलगा धोक्यात धरता येत नाही. बाई म्हणतात, एका अर्थी त्याचा धोका टळलेला असतो. म्हणजे पुन्हा पाच. म्हणजे कुलूप. म्हणजे व्हॅलेन्सिया. माझ्यामुळे, आत्या! तिला ठेवून घ्यायला गेलो आणि तिला घालवणारा मीच ठरलो. मी त्सोन्कोच्या काचेवर दगड मारणार होतो, पण दुकानाच्या दारावर माझाच फोटो होता. मन होईना.

तुझा भाऊ कागदासमोर बराच वेळ उभा होता. मग चुलीकडे न येता बकऱ्यांकडे गेला.

क्रूम


सालोनिका, ४ एप्रिल

मेल्या,

तुला हे नाव आता शोभतं.

तुझं पत्र काल मिळालं. आधी मी देवाचे आभार मानले. मग खुर्चीवर बसले. मग तुला ज्या शिव्या दिल्या त्या कागदावर लिहिता येणार नाहीत, मितो वाचतो.

एक आठवडा मी रडले. आणि तुझ्या बापाला एक पत्र पाठवून बसले, त्यात तुझ्या त्या पोरीचं सगळं आलंय. मला क्षमा कर, मला वाटलं तू गेलास. गेलेल्याचं गुपित ठेवून करायचं काय?

आता आमच्या इथली कथा ऐक. मी सुतकात आहे म्हणून स्माराग्दाबाई बदलल्यात. फोनचं कुलूप काढलं. रविवारी सुट्टी दिली. काल स्वतः उठून मला चहा करून दिला. बारा वर्षांत या बाईने मला चमचा उचलून दिला नव्हता! तू जिवंत आहेस हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. ईस्टर होऊ दे, मग बघू. म्हणून कृपा करून इतक्यात फोन करू नकोस.

आणि माझं ऐक. कागदाशी भांडू नकोस. ज्या चाळिसाव्याची तारीख छापली गेली तो होणारच. कुणी बोलावलं नाही तरी लोक येणार. गहू शिजणार, वाइन ओतली जाणार. अडवायला गेलास तर पुन्हा छत्री खाशील.

आत्या


कामेन्दोल, ७ मे

आत्या,

हे पत्र मितोकडे देत नाही. उद्याच्या गाडीने मी स्वतः येतोय. आधी हे दाराखालून सरकवीन. वाचून झालं की दार उघड. तोंडाने मला हे सांगवणार नाही.

चाळिसावा झाला. तू म्हणालीस तसाच. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं आणि अख्खं गाव आलं. ज्यांना मी जिवंत आहे हे माहीत होतं तेही आले, कारण तारीख छापलेली होती. भोजनगृहात खाण चालू असतानाही एवढी माणसं बसली नसतील. पाव, मासे, गव्हाच्या परातींवर साखरेने काढलेली माझी आद्याक्षरं. ईस्टरपासून माझ्या कागदांखाली लाल अंडी ठेवलेली होती. स्पासनेही एक ठेवलं होतं, पण दुसऱ्याच्या खुराड्यातलं.

आणि डेन्मार्कच्या इंगरबाई एक दिवस आधी आल्या. नेमक्या जेवणाच्या वेळी. वाटेत त्यांनी खांबाखांबावर माझं तोंड बघितलं होतं. दारातून आत आल्या, दोनशे माणसं काळ्या कपड्यांत जेवताना बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिलयाना दुभाषी. आम्हाला काय करावं कळेना.

मी परात घेऊन वाढत होतो. त्यांनी मला थांबवलं, काहीतरी विचारलं. बिलयाना म्हणाली, "विचारतायत, तू त्याला ओळखत होतास का?"

मी म्हटलं, "जवळून."

"म्हणतात, तू त्याच्यासारखा दिसतोस."

"सगळे म्हणतात."

त्यांनी माझा खांदा थोपटला आणि चमचाभर गहू माझ्यासमोर धरले. 'देव त्याला क्षमा करो' असं म्हणून खायचे असतात. मी म्हटलं, आत्या. स्वतःसाठी, सगळ्यांसमोर. गोड होते.

मग बाबा उठले.

हो, बाबा. बाबांनी पेला हातात घेतला, थोडी वाइन जमिनीवर ओतली, आणि चुलीकडे नाही, माणसांकडे बघून बोलायला लागले.

"माझा मुलगा तापट होता," ते म्हणाले. "तेवढं माझ्यावरच गेलं होतं. कॉलेज सोडून घरी आला आणि मी त्याच्याशी बोललो नाही. तुम्हाला वाटलं, मला राग आला. राग नव्हता आला. तोंड उघडलं असतं तर मी म्हटलं असतं, बरं केलंस. खाणीला कुलूप आहे, ती शिकून काय करायचंय? पण बापाने असं म्हणायचं नसतं. मी पंचवीस वर्षं त्या खाणीत होतो. हे कसं म्हणू? म्हणून गप्प बसलो. हे धुराडं त्याने साफ केलं. बघा कसं खेचतंय. मी रोज बाहेरून धूर बघायचो."

मी परात धरून त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. बाबांनी पावाचा तुकडा घेतला आणि माझ्या हातात दिला. "घे," म्हणाले, "खा. त्याच्यासाठी खा."

मी खाल्ला. बोलावंसं फार वाटलं, पण चाळिसाव्याला मेलेल्याने बोलायचं कसं?

बिलयाना हे सगळं इंगरबाईंना सांगत होती आणि तिचाच आवाज फुटत होता. शेवटी इंगरबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, त्यांनी पुष्कळ गावं बघितली, पण एका मुलासाठी अख्खं गाव जेवायला बसलेलं कुठेच बघितलं नाही. सहाचा नियम इथे लागू नाही. 'पहाट' आणखी तीन वर्षं चालेल. खोलीला क्रूमचं नाव द्यायचं. आणि दरवर्षी याच दिवशी त्या स्वतः येतील.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग इंगरबाई गेल्या आणि वाक्लिनोवाबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. कान धरला नाही. म्हणाल्या, "आम्ही एक शब्दही खोटं बोललो नाही रे. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पण आता तू इथे हिंडता-फिरता दिसलास तर…"

स्पास म्हणाला, "जिवंतपणी एवढं केलं नव्हतंस. कशाला आता बिघडवतोस?"

तर असं. मी मेलेला राहिलो तर शेगडी पेटती राहते, पाच जणांना सूप मिळतं आणि बिलयाना व्हॅलेन्सियाला जात नाही. मला हेच हवं होतं ना? ती इथे राहावी. मी कुठे राहायचं, हे ठरवायचं राहूनच गेलं होतं. मी म्हटलं, जातो. रागाने म्हटलं, पण राग कुणाचा ते सापडेना.

बिलयाना खरकटी ताटं उचलत राहिली. मी दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो, पेला विसरलो, टोपी विसरलो असं म्हणत. टोपी मी आणलीच नव्हती. ती एवढंच म्हणाली, "मनगट दाखव." दोरा बघितला आणि पुन्हा ताटं उचलायला लागली. घरी येताना मी चिडून वर बघितलं, तर पाण्याच्या टाकीवर करकोचा. सगळ्या वसंतात मी टाळलेला. नेमका त्याच दिवशी.

दोरा काढलेला नाही. मेलेल्याला नियम लागू नसतात.

बेकरीतली ती जागा अजून आहे का? दार उघड.

क्रूम


कामेन्दोल, १० सप्टेंबर

क्रूम,

पत्ता तुझ्या बाबांकडून घेतला. तुला चार महिन्यांत एक ओळसुद्धा लिहायला जमली नाही, याचा राग मी भेटीत काढीन.

इथलं सांगते. खोलीवर तुझ्या नावाची पाटी लागली. पोरं आता अकरा झालीत. शेजारच्या गावातूनही येतात, कारण इथे मेलेल्या मुलाच्या नावाने सूप मिळतं, तर ते चांगलंच असणार असं लोकांना वाटतं. स्पास धुराडं साफ करायला शिकला. तांबं सापडलं तर अजून खिशात घालतो, पण संध्याकाळी परत आणून देतो.

तुझे बाबा आता चुलीशी बोलत नाहीत. दारावरच्या तुझ्या कागदाशी बोलतात. सकाळी बकऱ्या सोडायच्या आधी उभे राहतात आणि आदल्या दिवशीचं सगळं सांगतात: कोण आलं, कोण गेलं, दूध किती निघालं. पाऊस लागू नये म्हणून त्यांनी त्यावर प्लास्टिक ठोकलंय. मारियकाबाईंनी हरकत घेतली की कागद पावसाने गळायला हवा, ही रीत आहे. ते म्हणाले, "माझा मुलगा आहे, मी ठरवीन कधी गळायचा." त्यांच्या बहिणीने मार्चमध्ये लिहिलेलं एक पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. कशाला दिलं, ते म्हणाले नाहीत. मी वाचलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मला समजलं होतं. दोन गाठी काय मी चुकून मारल्या? मी वाट बघत होते की एखाद्या शुक्रवारी तरी तू 'अंधार' सोडून दुसरं काही म्हणशील. आणि त्या दिवशी बोलले असते तर तू गेला नसतास, आणि सगळं बंद पडलं असतं. म्हणून ताटं उचलत राहिले.

आता कामाचं. या महिन्यात तुला जाऊन सहा महिने होतात. रीतीप्रमाणे दुसरा कागद लावायला हवा, गाव विचारतंय. त्सोन्को चौकट तयार ठेवून बसलाय. पण तो जुना फोटो मी पुन्हा लावू देणार नाही. त्यात तू भयंकर दिसतोस. चूक माझी, मीच हसू नकोस म्हटलं होतं.

नवा फोटो हवा. पोस्टाने पाठवू नकोस, मितोकडे तर अजिबात देऊ नकोस. आणि तुला इकडे येता येणार नाही, तू वारलायस. तेव्हा मलाच यावं लागेल. पुढच्या मंगळवारच्या गाडीने निघते. तुझ्या बाबांनी प्लमच्या दारूची बाटली दिली आहे आणि निरोप दिलाय: "थोडी जमिनीवर ओत, उरलेली त्याला दे."

या वेळी हसायचं आहे.

बिलयाना